पहाडाच्या नावावरचं रक्त

तुरुंगात आमच्या बराकीत पहाड नावाचा गडी होता. त्याच्या एका शिंकेने पहाऱ्यावरच्या शिपायाची टोपी भिंतीपलीकडे उडाली. टोपीला शिक्षा नव्हती, म्हणून ती गेली ती गेलीच.

असा हा पहाड सुईला मात्र भयंकर भ्यायचा. हे ठाऊक होतं फक्त काडीला. काडी म्हणजे त्याचा चेला, खिसेकापू. इतका बारीक, की हजेरीला एका बाजूने उभा राहिला तर शिपाई त्याला गैरहजर मांडायचा.

तुरुंगात सगळं बदलीवर चालतं. एकाची झाडलोट दुसरा करतो, दुसऱ्याचे कपडे तिसरा धुतो. त्यामुळे रक्तातून पसरणारी कावीळ तपासायला नव्या सिस्टरबाई आल्या, तेव्हा पहाडाच्या नावाने काडीनेच हात पुढे केला. तेच तोंड पुन्हा रांगेत नको, म्हणून स्वतःच्या पाळीला तो 'नको' म्हणाला. सक्ती नव्हतीच.

आठवड्याने बाईंनी पहाडाला पडद्याआड बोलावलं. वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, आठवडाभरात बरेच भरलात की. मग हळूच सांगितलं, कावीळ निघाली आहे. तीन महिने रोज माझ्यासमोर गोळी घ्या, बरे व्हाल. नाही घेतली तर यकृत आतल्या आत नासेल.

पहाड बाहेर आला तो चुन्यासारखा पांढरा. आजार काडीचा आणि गोळ्या आपल्या नावावर! त्याने काडीला सगळं सांगितलं. काडी म्हणाला, "राहू द्या दादा. तुमची शान जायला नको. माझं काय, मी आधीच अर्धा आहे."

पहाडाने त्याची कॉलर धरली आणि सगळ्या बराकीदेखत बाईंपुढे उभा केला. "बाई, ते रक्त याचं. मी सुईला भितो, म्हणून याला पाठवलं होतं."

हसायची कोणाची टाप? पुन्हा शिंकला असता म्हणजे!

मग पहाड स्वतः स्टुलावर बसला आणि त्याने बाही वर केली. टोचताना त्याने माझा पंजा असा आवळला, की माझी बोटं आजही इंचभर लांब आहेत. हवं तर मोजा.

त्याचं रक्त साफ निघालं. काडीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रोज सकाळी पहाड पाण्याचा पेला घेऊन त्याच्या डोक्यावर उभा. काडी ठणठणीत बरा झाला. आता तो एका बाजूने उभा राहिला, तरी हजेरीत मोजला जातो.