कुठला परवा?

तू फक्त ऐक. मध्ये एक शब्द बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने सांगणं होणार नाही.

मॅडमच्या दवाखान्यात मला सहा महिने झाले ना, त्यात मला एक गोष्ट पक्की कळलीये. माणसं डॉक्टरसमोर बसली की सगळ्यालाच ‘थोडंसं’ म्हणतात. थोडंसं दुखतंय, थोडंसं गरगरतंय. एक सुतार ‘थोडंसं कापलंय’ म्हणत आला, फडकं सोडलं तर अंगठ्याचं हाड दिसत होतं! आणि खरं दुखणं सांगतात कधी, तर उठून, दारापाशी जाऊन, चपला घालता घालता. त्यामुळे हल्ली कुणी ‘थोडंसं’ म्हणालं की मी आधी उठून बघते.

तर दवाखान्यामागच्या गल्लीत टेलरकाका आहेत. स्वभावाने इतके गरीब की तपासून घेतानासुद्धा ‘तुम्हाला त्रास देतोय’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, “डॉक्टर, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. बॅग उजवीकडे घेत जा.” त्यांच्या हृदयाचे ठोके चुकतात, म्हणून ते रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. ती गोळी चालू असताना दाढ काढली तर रक्त थांबायचं नाव घेत नाही. म्हणून मॅडमचा नियम ठरलेला आहे. आधी गोळी थांबवायची, मग रक्त तपासायचं, आणि मगच होकार लिहून द्यायचा.

गुरुवारी सकाळी काउंटरवरच्या ताईने माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली. ताईचं अक्षर मोत्यासारखं आहे, तेव्हा दोष अक्षराचा नव्हता, हे आधीच सांगते. चिठ्ठीत होतं, ‘टेलरकाका. दाढ काढायची आहे. रक्ताची गोळी परवापासून बंद. होकार लिहून हवाय.’

बाहेर वीस माणसं बसलेली, एक बाळ टाहो फोडत होतं. मी वाचलं, परवापासून बंद. म्हणजे दोन दिवस झालेच की! रक्त तपासलं का, ते मी विचारलं नाही. तपासलंच असेल असं धरून चालले. कागद ओढला, ‘दाढ काढण्यास हरकत नाही’ लिहिलं, खाली सही, शिक्का. ताईने तो बाहेर नेऊन दिला. काका दारापलीकडे उभे होते गं, चार पावलांवर. मी त्यांचं तोंडसुद्धा बघितलं नाही.

दीड वाजता मी हात धुवत होते. ताई फोनवर कुणाला तरी सांगत होती, “मॅडम परवापासून नाहीयेत हं. आठ दिवस दवाखान्यात येणार नाहीत.”

आणि मॅडम शेजारच्या खोलीत कुणाला तरी मीठ कमी खा म्हणून झापत होत्या! मला आधी हसू आलं. खरंच, हसूच आलं. आणि मग साबण हातातून निसटला.

“ताई, टेलरकाकांची गोळी कुठल्या परवापासून बंद?”

“कुठल्या म्हणजे? शनिवारपासून.”

“येणाऱ्या?”

“मग गेलेला शनिवार परवा कसा होईल? आज गुरुवार ना! अहो, पुढच्या आठवड्यात काढायचीये त्यांची दाढ. कागद आधीच हातात असलेला बरा, म्हणाले.”

पुढच्या आठवड्यात! माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, कागद परत मागवू, कुणाला कळणारही नाही. तरी खात्री करायला दातवाल्या सरांना फोन लावला.

“टेलर? झालं की त्यांचं!” सर काहीतरी चावत बोलत होते. “अकराचा पेशंट आला नाही, आणि हे कागद घेऊन समोर उभे. म्हटलं बसा, आजच उरकून टाकू. तुमची हरकत नव्हतीच ना?”

अकरा. म्हणजे अडीच तास.

काकांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मॅडमना सांगायला हवं होतं, माहितीये मला. नाही सांगितलं. त्यांच्या दारावरून चोरासारखी पुढे गेले आणि तशीच पळत सुटले. गल्ली एवढीशी आहे, पण संपेचना. रोज त्या कोपऱ्यावर वळलं की शिलाई मशीनचा आवाज येतो. त्या दिवशी आवाज नव्हता.

शटर अर्धं खाली ओढलेलं. मी वाकून आत शिरले. काका स्टुलावर बसले होते, अंग मागे रेललेलं, चेहरा पांढराफटक. मांडीवर टाचण्यांचा डबा. टाचण्या टेबलावर ओतून रिकामा केलेला, आणि त्यात... सांगत नाही. शिवायला घेतलेला पांढरा शर्ट त्यांनी लांब खुंटीवर अडकवून ठेवला होता, डाग पडू नये म्हणून.

“काका, फोन का नाही उचललात?”

“बोलता येत नव्हतं नीट.” तोंडातला बोळा सांभाळत ते म्हणाले. “थोडंसं येतंय रक्त. पण तुम्ही लिहून दिलंत ना, हरकत नाही म्हणून. मग म्हटलं, एवढं तर येणारच.”

माझ्यावर विश्वास ठेवून ते अडीच तास तिथे बसून राहिले होते.

मनगट धरलं तर नाडी बारीक, नुसती धावत होती. शेजारच्या इस्त्रीवाल्याने गाडी काढली. मी मागे बसून त्यांच्या जबड्यात बोळा दाबून धरला आणि सारखी म्हणत होते, काका, बोला माझ्याशी, खांदा कुठला खाली आहे माझा? ते बोटाने दाखवायचे. एकदा त्यांनी चुकून उजवा दाखवला आणि मला रडूच फुटलं.

हॉस्पिटलात टाके घातले, इंजेक्शन दिलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. सहा वाजता रक्त थांबलं. वाचले गं, वाचले.

बाहेर बाकड्यावर काकू होत्या. मला बघून उठल्या आणि माझे दोन्ही हात धरले. “देवासारख्या धावून आलात हो! नाहीतर कोण येतंय विचारायला? सगळा यांचाच उतावळेपणा. पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं होतं, पण यांना दम निघेल तर शपथ. जरा बरे होऊ देत, चांगली कानउघाडणी करते.”

मी हात सोडवून घेतले. तेवढ्यात मॅडमचा फोन आला, ताईने सांगितलं होतं त्यांना. “मी पोचतेच दहा मिनिटांत. गोळी बंद होती ना त्यांची?” मी म्हटलं, “या तुम्ही.” एवढंच म्हटलं.

फोन ठेवला तर काकू काकांच्या रक्ताळलेल्या शर्टाचे खिसे रिकामे करत होत्या. मोजपट्टी निघाली, खडू निघाला, आणि चार घड्या घातलेला तो कागद निघाला. माझी सही, माझा शिक्का. आणि त्याच्यावर तारीख.

“हा तुमचा कागद,” काकू म्हणाल्या. “दाढ तर निघाली, आता काय कामाचा? फाडून टाकू?”

दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या गं, माझ्याकडे बघत. आणि जिन्यावर मॅडमच्या चपलांचा आवाज.

खरं सांग, तू काय म्हटलं असतंस?