गुणवंतरावांची डावी बाजू

पृथ्वीचा भार शेषाने पेलला आहे आणि सिंदेवाही तालुक्यातल्या समस्त कंबरांचा भार गुणवंतरावांच्या उजव्या पायाने. हे वाक्य गुणवंतरावांचे स्वतःचे. अलीकडे ते हे वाक्य खाटेवर पालथे पडून म्हणत, कारण बसले की डाव्या कुल्ल्यात कळ निघे.

गुणवंतराव पायाळू. म्हणजे बाकीचे जग जन्मताना डोक्याने येते, ते पायाने आले. पायाळू माणसाने पाय लावला की कंबरेत भरलेली चमक उतरते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकलेली माणसे बांधावरून सरळ त्यांच्या अंगणात येत आणि भिंतीला हात टेकून पाठमोरी उभी राहत. गुणवंतराव डाव्या पायावर तोल सांभाळून उजवा मागे घेत. पुढच्या क्रियेला गाव लाथ म्हणे, गुणवंतराव चरणस्पर्श म्हणत. स्पर्श चांगला बसला तर माणूस गोठ्यापर्यंत जाई.

आता ज्याच्या लाथेने गावाची चमक उतरते त्याचीच कंबर धरली, हे लोकांना कळले तर उरले काय? मांत्रिकाला भूत लागल्यावर त्याच्याकडे कोण जाते? म्हणून कळ आली की गुणवंतराव जागच्या जागी थांबून आभाळाकडे पाहत. लोकांना वाटे, पावसाचा अंदाज घेत आहेत. दोनदा अंदाज खरा निघाला, तेव्हा तेही खाते त्यांच्याकडे आले.

शेवटी त्यांच्या पत्नी भागीरथाबाईंनीच मार्ग काढला. "गावाले सांगू, मार्कंड्याले दर्शनाले चाललो. आन् जाऊ चंद्रपूरले, हाडाच्या डाक्टरकडे."

"देवाच्या नावानं लबाडी करून राह्यली तू?"

"त्याची कंबर दुखली त तो तरी कोणाले सांगते?"

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर संघप्रिया नावाची तरुण बाई होती. ती म्हणाली, "काका, कुठं दुखतं ते एकाच बोटानं दाखवा." गुणवंतरावांनी करदोट्याच्या खाली, डाव्या अंगाला, बरोबर एका जागी बोट ठेवले. मग तिने त्यांचा पाय वाकवला, आडवा पाडला, दाबला. दर वेळी गुणवंतराव त्याच जागेच्या नावाने कण्हले.

"मणक्यात काही नाही तुमच्या. एका पायावर उभं राहायचं काम करता का?"

गुणवंतराव छताकडे पाहू लागले. भागीरथाबाई म्हणाल्या, "हे लाथा मारतेत जी."

"कोणाला?"

"ज्याले पाह्यजे त्याले."

डॉक्टरने पेन खाली ठेवले. सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मारणारा पाय ठणठणीत आहे. ज्या पायावर उभं राहून मारता, त्या बाजूचा सांधा गेलाय."

हे मात्र गुणवंतरावांच्या जिव्हारी लागले. उजव्या पायाला लोकांनी हळद-कुंकू लावले होते. डाव्याची कोणी चौकशीसुद्धा केली नव्हती.

आधी व्यायाम, गोळ्या आणि पट्टा झाला. महिन्या-महिन्याला मार्कंडा झाला. गावाला वाटले, म्हातारा भक्तीला लागला. कळ मात्र हलली नाही. तेव्हा डॉक्टरने यंत्राच्या पडद्यावर पाहत नेमकी त्या सांध्यात सुई दिली. गुणवंतराव उठले, बसले, पुन्हा उठले. कळ नाही.

"चला घरी," ते भागीरथाबाईंना म्हणाले.

"काका, सांधा बधिर करून पाहिला, दुखणं त्याचंच आहे का ते. ही तपासणी होती, इलाज नव्हे. सुईचा असर गेला की दुखणं परत येईल."

दुखणे बसस्टँडवरच परत आले.

मग ऑपरेशन ठरले. डॉक्टरने हाडांचा प्लास्टिकचा सापळा समोर धरून सांगितले, "कण्याच्या तळाचं हाड आणि कंबरेचं हाड, यांच्यातला हा सांधा. हा हलू नये म्हणून बाजूनं तीन तिकोनी खिळे बसवायचे."

"बंडीच्या चाकाले पाचर मारतेत तशी?"

"तशीच. पूर्वी मोठी चीर द्यावी लागायची. आता दोन पेरांएवढी पुरते."

"कुठी?"

"कुल्ल्यावर."

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा उजेड पडला. "मंग काही हरकत नाई. तिथी कोणी पाहत नाई."

ऑपरेशन नीट झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने त्यांना वॉकर धरून चालवले आणि बजावले, "काही आठवडे डाव्या पायावर पूर्ण भार नाही. आणि एका पायावर उभं राहून लाथ, ती कायमची बंद."

गावात उतरताच समोर भैयाजी. भैयाजी म्हणजे दिसेल ती अक्षरे मोठ्याने वाचणारा माणूस. वॉकरच्या दांडीवर पांढऱ्या रंगात लिहिलेले त्यांनी वाचले, "अस्थिरोग विभाग. परत करावे." मग मान वर करून विचारले, "मार्कंड्याले हा विभाग कवा निघाला भाऊ?"

संध्याकाळपर्यंत अंगण भरले. गुणवंतराव वॉकर धरून ओट्यावर आले. आयुष्यभराची इज्जत आता जाणार होतीच, तर ती आपल्या हाताने द्यावी, असे त्यांनी ठरवले होते.

"मी देवाले गेलो नोहतो. माह्या कंबरेत तीन खिळे हायेत. लाथेनं कंबर सुधरत असती त मी माहीच नसती सुधरवली?"

गुणवंतरावांनी डोळे मिटले.

"सोताची लाथ सोताच्या कंबरेले पोचते का?" मागून भैयाजी म्हणाले. "म्हणून त गेले ना दवाखान्यात."

"बराबर हाय," चार-पाच जण म्हणाले. "दुसरा पायाळू हायेच कुठी आपल्या गावात?"

गुणवंतरावांनी डोळे उघडले. त्यांना बरे वाटले, आणि बरे वाटल्याचा रागही आला. त्यांनी आवाज चढवला. सांधा काय असतो ते सांगितले, सुईची परीक्षा सांगितली, उभ्या पायावर केवढा भार येतो ते सांगितले. "कंबर धरली त डाक्टरकडे जा. लाथीचा जमाना गेला. आजपासून हा पाय बंद," म्हणून त्यांनी भाषण संपवले.

लोकांनी माना डोलावल्या. भैयाजींनी टाळ्याही वाजवल्या. एकेक जण उठून गेला. गिरजाबाई तेवढ्या राहिल्या, दिवसभर रोवणी करून आलेल्या, एक हात कंबरेवर. त्या ओट्याजवळ आल्या.

"सारं पटलं भाऊ. उद्या जातो मी डाक्टरकडे."

"शाबास."

"आज मातर लय चमकून राह्यली जी. तुमी नका उठू. खाटेवर बसा, पाय निस्ता पुढं करून ठेवा. कंबर मीच आणतो."