खादीवाल्याची बेल्जमची डिश

प्रभाकररावांचा ठेवणीतला विनोद एकच होता, पण तो ते दरवर्षी नव्या उत्साहानं करायचे. दिवाळीत फराळाला माणसं जमली की चिवड्याची हिरवी काचेची डिश दोन्ही हातांनी उचलायची आणि म्हणायचं, "आमच्या सासऱ्यांनी जन्मभर खादी घातली, आणि लेकीला आहेर केला बेल्जमचा." वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्या घरात येणारी निम्मी माणसं दरवर्षीचीच, तरीही हसायची. चिवडा चांगला असायचा ना.

अन्नपूर्णा मात्र हसायची नाही. डिश तिच्या वडिलांनी, महादेवरावांनी, लग्नात दिली होती. सूत कातल्याशिवाय तोंडात घास न घालणारा माणूस. भर मांडवात त्यांनी सांगितलं होतं की ही आपल्या देशी कारखान्याची आहे. आहेर सासूच्या कपाटात गेला आणि डिश पहिल्या दिवाळीला बाहेर निघाली, ती बेल्जमची होऊनच. खाली ना नाव, ना गाव. काठाशी द्राक्षांचा वेल आणि काच अशी नितळ की विलायती म्हटलं तर कोणालाही पटावं. वडील गेल्यापासून तर तो विनोद तिला फारच झोंबायचा. त्यांना विचारायची सोय राहिली नव्हती, आणि आपला बाप मांडवात खोटं बोलला असेल हे तिच्या मनाला मानवत नव्हतं. माहेरी मात्र तिनं यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. सासरचं माहेरी सांगायचं नाही, असं त्याच बापानं शिकवलं होतं.

एकोणऐंशीच्या दिवाळीत फराळाला बबनराव आले. प्रभाकररावांचे जुने वर्गमित्र, राहायचे नागपूरला, पण सासुरवाडी वर्ध्याची. त्यांना जुन्या काचेचा नाद. हंड्या, अत्तरदाण्या, दिव्यांच्या चिमण्या, काय वाटेल ते गोळा करायचे. त्यांच्या बायकोच्या सांगण्याप्रमाणे घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. नेहमीचा विनोद होऊन सगळे हसले, तसा या गृहस्थानं डिशेतला चिवडा सरळ वर्तमानपत्रावर ओतला आणि डिश धोतराच्या सोग्यानं पुसून उजेडात धरली.

मग बराच वेळ ते काचेशी एकटेच होते. डिश साच्यातली आहे, हातानं फुंकलेली नाही, हे त्यांनी कडेची बारीक रेघ दाखवून सांगितलं. वेलातल्या एका पानाला एकाऐवजी दोन टोकं होती. साचा कोरताना कारागिराचा हात घसरला असणार, आणि आता त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक डिशेला ते पान असंच असणार, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी बोट डिशेच्या बुडाशी फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"इथं खूण होती," ते म्हणाले. "कोणीतरी घासून काढली आहे."

प्रभाकररावांना तर आनंदाचं भरतं आलं. सासरेबुवांनी विलायती छाप घासून काढला आणि माल देशी करून टाकला, हा नवा मसाला त्यांना आयताच मिळाला. खोली हसण्यानं दणाणली. खाटेवर सुपारी कातरत बसलेल्या त्यांच्या आई, रुख्माबाई, तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं असं सगळ्यांनी धरलं.

अन्नपूर्णा स्वयंपाकघरात गेली आणि गरज नसताना भांडी विसळत बसली. तिला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. एका डिशेसाठी कोण रडतं? बबनरावांना बहुधा चुटपुट लागली असावी. ते दाराशी येऊन म्हणाले की घासलेलं नाव काही परत येत नाही, पण याच साच्यातली दुसरी डिश कुठं सापडली, तर बनवणारा नक्की सांगता येईल.

दुसरी डिश कुठं आहे हे अन्नपूर्णेला ठाऊक होतं. थोरल्या बहिणीच्या, कांताच्या लग्नात वडिलांनी तशीच दिली होती.

दुसऱ्या दिवशी ती हिंगणीच्या एस.टी.त बसली. वाटेत सेलू आलं तेव्हा तिला वाटलं, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. त्या डिशेखाली बेल्जम निघालं तर? आजवर निदान संशयाचा फायदा तरी बापाच्या पदरात होता. पण गाडी सुटली आणि ती बसून राहिली.

कांताकडे डिशेचं कौतुक वगैरे काही नव्हतं. तिच्याखाली विरजण झाकलेलं होतं, वर मांजरासाठी दगड. अन्नपूर्णेनं दगड काढला आणि आधी पान शोधलं. दोन टोकांचं पान होतं, अगदी तस्संच. मग तिनं एकदा डोळे मिटून डिश उलटी केली. बुडाशी उठावाची देवनागरी अक्षरं होती, गोल ओळीत: लोकहित काच कारखाना.

ती खाली बसली आणि हसायलाच लागली. कांतानं घाबरून विचारलं, "काय झालं वं? काऊन हासून राह्यली?" तेव्हा अन्नपूर्णेनं इतक्या वर्षांचं सगळं सांगून टाकलं. कांता ऐकत गेली, लाल होत गेली आणि डिश धुऊन तिच्या पिशवीत घालत म्हणाली, "त्या तुह्या नवऱ्याच्या तोंडासमोर धरजो."

बबनरावांना मुद्दाम बोलावून अन्नपूर्णेनं दोन्ही डिशा शेजारी शेजारी मांडल्या. त्यांनी पानं ताडून पाहिली, कडा पाहिल्या आणि निकाल दिला: साचा एक, कारखाना एक, माल अस्सल देशी. प्रभाकरराव चष्मा काढून पुसत राहिले. मग त्यांनी बायकोकडे बघून म्हटलं की चुकलंच आपलं. हे त्यांनी चार माणसांत म्हटलं, हे विशेष. पण मग आपल्या डिशेवरचं नाव घासलं कोणी, असा प्रश्न त्यांनी काढलाच.

"म्या घासलं," खाटेवरून आवाज आला.

रुख्माबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांच्या भावजयीकडे बेल्जमचा आरसा होता आणि त्या आरशापायी हळदीकुंकवात तिचा फार तोरा. सुनेच्या आहेरात डिश आली तेव्हा यांनी बायकांत सांगून टाकलं की आमचीही बेल्जमची. लेकालाही तेच सांगितलं. खालची अक्षरं आड येत होती, म्हणून पाट्यावर वाळू टाकून घासली. हे त्यांनी पश्चात्ताप वगैरे न करता सांगितलं, काम नीट केल्यासारखं.

"आई, अगं, त्या माणसाला मी जन्मभर हसलो," प्रभाकरराव म्हणाले.

"त्याले ठाऊक होतं," रुख्माबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवाळीले आलता तुझा सासरा. तू बेल्जम म्हणून हासला, तशी त्यानं डिश उलटी केली. बोट फिरवलं. माह्याकडे पाह्यलं. म्या मान खाली घातली. मंग त्यानं डिश ठेवली अन् म्हणे, विहीणबाई, चिवडा आणखी आहे का?"

अन्नपूर्णेला ती दिवाळी आठवली. वडिलांनी त्या दिवशी फार चिवडा खाल्ला होता, आणि तिला उगीचच त्यांचा राग आला होता. लेकीच्या सासूची मान चार माणसांत खाली जाऊ नये म्हणून ते दर दिवाळीला येऊन स्वतःचं हसं करून घेत होते. आता मात्र तिचे डोळे भरून आले, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

प्रभाकररावांना भरपाई करायची घाई झाली होती. कांताताईंना आपण काहीही देऊ, ही नावाची डिश घरात ठेवू, येणाऱ्या प्रत्येकाला उलटी करून दाखवू, असं ते म्हणायला लागले.

"नको," अन्नपूर्णा म्हणाली. "ताईची डिश ताईला जाऊ दे. मला ही घासलेलीच पाहिजे."

तिनं डिश उचलली, बुडाच्या त्या गुळगुळीत जागेवरून एकदा बोट फिरवलं आणि चिवडा भरून सगळ्यांच्या आधी सासूपुढे धरली.