पाण्याचा आळ

खुशी, दूध पिताना तू माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरतेस. माझा मुन्ना, तुझ्याहून पाच महिन्यांनी मोठा, दुसऱ्या बाजूनं लाथा झाडतो. आत्ता दोघं एकदम झोपलात, म्हणून हे लिहिते.

तुझी आई रीना, माझी धाकटी जाऊ. गोंदियाच्या दवाखान्यात ती कळा सोसत होती तेव्हा मी उशाशी होते. मधल्या उसंतीत हसतही होती. एकाएकी तिनं माझा हात आवळला. "ताई, दम कोंडून राहिला. काहीतरी होऊन राहिलं मले."

"भेदरट कुठची!" सासूबाई म्हणाल्या. "आमाले का पोट्टे झाले नाही?"

नर्सनं मात्र तिचे निळे पडत चाललेले ओठ पाहिले आणि ओरडतच धावली. डॉक्टरीणबाई आल्या, ऑक्सिजन लावला. तेवढ्यात तिचं काळीज थांबलं. एक जण छाती दाबत होता, आणि तिथल्या तिथं पोट कापून तुला बाहेर काढलं. तू रडलीस. तिचं रक्त मग गोठेचना. तुझ्या बापानं, म्हणजे अश्विनभाऊजींनी, आणि माझ्या नवऱ्यानंही रक्त दिलं; पिशव्यांवर पिशव्या चढल्या. ती परत आली नाही.

डॉक्टरीणबाई आमच्याजवळ बाकावर बसल्या. "बाळाभोवतीचं पाणी आईच्या रक्तात शिरलं. क्वचितच होतं असं. आधी कळत नाही, अडवता येत नाही. आम्ही लगेच ओळखलं, तरी हरलो. यात कोणाचीच चूक नाही."

हे शेवटचं वाक्य गोंदियाहून आमच्या गावी, गोरेगावपर्यंत, पोचलंच नाही. दारी बसायला आलेल्या बायांना सासूबाई सांगू लागल्या, "पोट्टीच्या पाण्यानं मायले खाल्लं." बाया तुझ्याकडे बघत, पण कोणी उचलून घेत नसे.

तीन महिने असेच गेले, आणि काल अंगणात जीप उभी. तुला रीनाच्या भावाकडे नागपूरला धाडायचं ठरलं होतं. एका खोलीत राहणारा एकटा पोरगा तो. तुला काय पाजणार?

"माह्या नातवाच्या दुधात वाटा कायले?" सासूबाई म्हणाल्या.

मी तुला छातीशी धरून उंबऱ्यातच बसले. "आई, मुन्ना माझ्या पोटात पाण्यातच होता. अश्विनभाऊजी तुमच्या पोटात कशात होते?"

"पण तू जित्ती हायस ना व."

मी जीपजवळ उभ्या असलेल्या तुझ्या बापाकडे वळले. "भाऊजी, एकदा तरी घ्या हिला. मग धाडा."

त्याचे हात पुढे आले. मग त्यानं ते खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि जीपवाल्याला म्हणाला, "जा बाप्पा. राहू दे." तुला न घेताच शेताकडे निघून गेला.

म्हणून तू इथं आहेस. तेवढंच.

आज सासूबाईंनी मुन्नाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं आणि उठल्या. उरलेल्या कोमट पाण्यात मी तुला घातलं. तू हातपाय मारलेस, खुदकन हसलीस. असं हसताना मी तुला पहिल्यांदाच पाहिलं.

दारातून सासूबाई बघत होत्या. "पाह्य," म्हणाल्या, "पाण्याले कशी ओळखते."

मी ओल्या हातांनी तुझे कान झाकले.