शेवटच्या डब्यातली आते

संध्याकाळी सहाच्या आत डिझाइन पाठवायचं होतं, आणि चार वाजता रियाच्या आचरा गावातल्या घरात जत्रा भरली होती. पुण्यातली राइड्स बनवणारी एक कंपनी नमुना पाहून माणूस निवडणार होती. फिजिक्स शिकून घरी बसलेल्या रियाला ती नोकरी इतकी हवी होती, की हल्ली ती ताटातल्या भातालाही चढ-उतार देत असे.

तिच्या रोलर कोस्टरचं नाव ‘बांगडो’. निळसर पाठ, तिच्यावर काळे पट्टे, चंदेरी पोट. लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये साखळी त्याला कटकट करत माडांच्या वर ओढून नेई आणि तिथून तो समुद्राकडे झेपावे. कंपनीची अट एकच होती: कुठल्याही प्रवाशाला अचानक झटका बसता कामा नये. बसला, की आलेखावर लाल ठिपका उमटे. साखळीचा चढ जिथे सुरू होतो ती जागा आणि जिथे संपतो तो माथा, दोन्ही रियाने इतके घासूनपुसून गुळगुळीत केले होते, की ठिपक्याचं नाव नव्हतं.

थोरल्या भावाने, यतीनने, लॅपटॉप टीव्हीला जोडला. “एसटीपेक्षा बरी गो तुझी गाडी. वेळार तरी सुटता!”

तेवढ्यात मासळी विकून प्रेमलता आत्या आली. रिकामी पाटी मांडीवर घेऊन तिने टीव्हीसमोरची प्लास्टिकची खुर्ची अडवली. “माका बसव गो.”

“पुढे बस आते, डायवराच्या बाजूक,” यतीन म्हणाला.

“नको रे बाबा. मी मागेच. पुढे बसलंय तर लोकां नाकां धरतत.”

रिया खो खो हसली आणि तिने कॅमेरा शेवटच्या डब्यात नेला. सिम्युलेटर सुरू करताच पहिला डबा समोर येई, म्हणून आजवर ती तिथूनच, त्याच डब्याचा आलेख बघत आली होती.

कट, कट, कट. आत्याने पाटी घट्ट धरली. माथा आला, आणि टीव्हीतलं आभाळ एकदम उसळलं.

“आये गोऽऽ!” पाटी उडून यतीनच्या डोक्यावर. आत्या हसून हसून वाकडी झाली. “परत घाल! परत!”

पण आलेखावर टिकलीएवढा लाल ठिपका होता. रियाचं हसू जागच्या जागी विरलं.

आणि मग तिला दिसलं. पुढचा डबा साखळीच्या संथ वेगाने माथ्यावर येतो. शेवटचा तिथे पोचेपर्यंत पुढचे सगळे उताराला लागलेले असतात आणि त्याला खेचून नेतात. वेग जास्त, आणि सरळ रुळाला तिने थेट गोलाईच जोडलेली! घाटात ड्रायव्हरने स्टिअरिंग हळूहळू वळवण्याऐवजी एका हिसक्यात फिरवावं, तसं.

“तो धक्को काढतंय,” ती म्हणाली.

“काढशीत तर बघ! तीच तर मजा!”

“आते, पोटात होता ता ठेवतंय. मानेक बसता ता काढतंय.”

तिने गोलाईच्या आधी एक लांब वळण घातलं, इंचाइंचाने वाकत जाणारं. माथा पुढे सरकला आणि उतार नेमका एका माडातून जाऊ लागला. तिने माड उचलून बाजूला ठेवला.

“माडाक इचारलंस?” यतीन.

“गप बस रे!” आत्या आणि रिया एकदमच ओरडल्या.

पुन्हा शेवटचा डबा. कट, कट, कट. माथा कधी सुरू झाला ते कळलंच नाही. आभाळ अलगद वर गेलं आणि आत्याने दोन्ही पाय जमिनीवरून उचलले.

“मी खुर्चेर आसंय की नाय गो?”

ठिपका नव्हता. रियाने एकेका डब्यातून फेरी मारून पाहिली आणि सहाला थोडा अवकाश असताना फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. “बहुतेक सगळे पहिल्याच डब्यातून तपासून मोकळे होतात,” पलीकडचे इंजिनीअर म्हणाले. “तुमचा शेवटचा डबाही स्वच्छ आहे. सोमवारी रुजू होऊ शकाल?”

“हो सर, नक्की,” रिया शुद्ध मराठीत, अगदी गंभीरपणे म्हणाली. पण दारात शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या आणि आत्या त्यांना रांगेत उभं करत होती.

“पाठीमागे कसला आवाज आहे?”

“सर,” रियाला हसू आवरेना, “सगळ्यांना शेवटचाच डबा हवाय.”