पटावरचं पहिलं शूटिंग

पिंपळझरीचा शंकरपट म्हटला की दरसाल एक तरी डोकं फुटायचंच. बैलांच्या दोन जोड्या शेजारी-शेजारी पळायच्या, आणि पळणं संपलं की माणसं एकमेकांवर धावायची. चौऱ्याऐंशीच्या पटात तर एका पाहुण्या जोडीवाल्याचा डोळा गेला. तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला ठोकलेला खिळा सरळ बुबुळात घुसला. भांडण एवढंच होतं की कोणाची जोडी अगोदर पोचली.

म्हणून पुढच्या साली पट-कमिटीनं ठरवलं की व्हिडिओ शूटिंगवाला बोलवायचा. जवळच्या रोहणा गावाच्या अलीकडं-पलीकडं तोवर कोणी लग्नातसुद्धा शूटिंग केलेलं नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष नानाजी स्वतः वर्ध्याला गेले आणि तिथल्या पिपरी मेघे गावच्या प्रेमदासला ठरवून आले.

पटाच्या आदल्या दिवशी पंचायतीसमोर त्यांनी लहानूजीला हाक मारली. लहानूजी म्हणजे पटाचा झेंडीवाला. बावीस वर्षं शेवटच्या रेघेवर तोच उभा राहायचा आणि जिंकलेल्या जोडीच्या बाजूला झेंडी पाडायचा. गावात त्याची ना भावकी ना सोयरपण, बाप बाहेरून येऊन वसलेला. म्हणूनच हे काम त्याच्याकडं आलं होतं. दोन एकर कोरडवाहू आणि ही झेंडी, एवढीच त्याची इस्टेट. गावात कुठं धुऱ्याचा, शेताच्या बांधाचा, वाद निघाला तरी लोक म्हणायचे, लहानूजीले बोलवा, तो पाहीन ते खरं.

"लहानूजी, मनाले लावून घेऊ नका," नानाजी म्हणाले. "तुमच्यावर आमचा भरोसा हाये. पन बाहेरचे लोक हरामखोर. मशीनले भाऊबंद नसते."

"मले तरी कुठं हायेत?" लहानूजी म्हणाला.

लोक हसले. लहानूजीही हसला, पण घरी आल्यावर जेवला नाही. तानाबाईनं, त्याच्या बायकोनं, ताट उचलता उचलता म्हटलं, "तो तुमचंही थोबाड काढीन मशीनीत. सकाळी दाढी तरी करून जाजा."

प्रेमदास सकाळी मेटॅडोरमधून उतरला. खांद्यावर कॅमेरा, कॅमेऱ्यातून निघालेली जाड वायर, ती दुसऱ्या खांद्याला लटकवलेल्या रेकॉर्डरच्या पेटीत गेलेली. सोबत एक टीव्ही, गोधडीत गुंडाळलेला. तिशीतला माणूस, बोलायला मऊ. त्यानं लहानूजीला विचारलं, "काका, मी कुठं उभा राहू?"

"माह्या समोर. रेघेवर."

पण रेघेवर ऊन थेट काचेत येत होतं. दहा पावलं अलीकडं, जोड्या यायच्या बाजूला, पाहुण्यांचा मांडव होता. तिथं सावली होती आणि नानाजींचे पाहुणेही कॅमेऱ्यात यायला पाहिजे होते. प्रेमदास मांडवाच्या कोपऱ्यात टेबलावर चढून उभा राहिला. दहा पावलांनी काय फरक पडतो, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर कोणालाही तसंच वाटलं असतं.

दुपारपर्यंत बरं चाललं. रेघेचा चुना पहिल्या चार जोड्यांच्या खुरांतच उडून गेला होता, राहिला होता फक्त लहानूजीच्या बाजूला रेघेच्या टोकाशी रोवलेला बांबू. तीन वाजता शेवटची लढत लागली. मांडवाच्या बाजूनं नानाजींची जोडी आणि पलीकडून, लहानूजीच्या अंगानं, गावातल्याच डोमाजीची. डोमाजीची जोडी त्याचा पोरगा नत्थू हाकत होता. बावीस वर्षांचा नत्थू काटक होता आणि बैलांवर हात न उचलणारा म्हणून तालुक्यात त्याचं नाव होतं. नानाजींच्या जोडीवर त्यांचा धाकटा भाऊ महादेव होता. त्याच्या तुतारीनं बैलांच्या पुठ्ठ्यांची चाळणी केली होती. रक्त शेपटीवरून गळत होतं आणि तो दातात शेपटी धरून चावत होता. धूळ, आरोळ्या, खुरांचा धडधडाट. लहानूजीनं श्वास धरला, नजर बांबूवरून पलीकडं सरळ ताणली, आणि डोमाजीच्या बैलाचं नाक वीतभर पुढं पाहिलं.

झेंडी डोमाजीच्या बाजूला पडली.

"थांबा!" महादेव गाडीवरून उडी मारून ओरडला. "कॅसेट लावा! लावा कॅसेट!"

शाळेच्या ओट्यावर टीव्ही ठेवला. उन्हात चित्र दिसेना म्हणून भोवती घोंगड्या धरल्या. घोंगड्यांच्या आत दहा-बारा डोकी मावली, बाहेर हजार माणूस. प्रेमदासनं कॅसेट मागं घेतली आणि सोडली. धूळ दिसली, मग बैल दिसले. जवळचे, नानाजींचे बैल पुढं होते. हातभर पुढं.

"पुन्हा लाव."

पुन्हा हातभर पुढं.

लहानूजी टीव्हीच्या आणखी जवळ सरकला. डोळे म्हातारे झाले की काय आपले? बावीस वर्षांत जे झालं नाही ते आज झालं? त्यानं तिसऱ्यांदा पाहिलं. आणि टीव्हीत त्याला तो स्वतः दिसला, बांबूजवळ उभा. पण बांबू सरळ समोर पाहिजे तिथं नव्हता, चित्रात एका बाजूला सरकलेला होता. तुरीच्या वावरात कोपऱ्यावर उभं राहिलं की सरळ तासं, पेरणीच्या ओळी, तिरपी दिसतात, जवळचं झाड लांबच्याच्या पुढं गेल्यासारखं वाटतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तास सरळ पाहायचं तर तासाच्या तोंडाशीच उभं राहावं लागतं.

"अरे, हे तिरपं हाये!" तो ओरडला. "हा शूटिंगवाला रेघेवर नव्हता! चाला, मांडवात उभे राहून पाहा, मंग माह्या जाग्यावर उभे राहा!"

पण घोंगडीबाहेर बातमी गेली होती. झेंडी खोटी पाडली, मशीननं पकडलं. हजार माणसांच्या तोंडून ती मागं-मागं जात राहिली, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचली तेव्हा लहानूजी डोमाजीचा दलाल झालेला होता.

पहिली काठी नत्थूच्या पाठीत बसली. तो बैल सोडत होता, वळेपर्यंत दुसरी कानावर. डोमाजी धावला तर चौघांनी त्याला बाभळीच्या कुंपणावर दाबला, काटे पाठीत रुतले. नत्थू उठायचा आणि पुन्हा पडायचा. कोणीतरी त्याच्या तोंडावर टाच मारली आणि जबडा असा आवाज करून मोडला की ओट्यावरच्या बायांनी कान झाकले. तरी त्यानं दगड उचलला आणि महादेवचं कपाळ फोडलं. मग महादेव त्याच्या छातीवर बसला. डोळ्यांत स्वतःचं रक्त उतरलेलं, हातात तुतारी. खिळा त्यानं नत्थूच्या उजव्या डोळ्यावर आणून ठेवला.

"लहान्या!" तो ओरडला. लहानूजीला असं कोणी बापाच्या माघारी म्हटलं नव्हतं. "लोकायसमोर बोल, खोटी झेंडी पाडली म्हून. नाई तं याचा डोळा काढून तुह्या हातावर ठेवतो!"

लहानूजीनं नानाजींकडं पाहिलं. नानाजी टीव्हीजवळ उभे होते. त्यांनी नजर टीव्हीकडं वळवली.

"महादेवभाऊ, तुमच्या पाया पडतो. दहा पावलं चालून पाहा फक्त."

खिळा पापणीत घुसला. नत्थू मोडक्या जबड्यातून ओरडला, शब्द निघेना. पापणीवरून रक्ताची बारीक रेघ कानापर्यंत गेली.

"पाडली," लहानूजी म्हणाला.

"मोठ्यानं!"

"पाडली! खोटी पाडली! डोमाजीनं काई देल्लं नाई मले, मीच मनानं पाडली! सोड त्याले!"

महादेवनं तुतारी उचलली. नत्थू कुशीवर वळून रक्त थुंकत होता, थुंकीत दोन दात. डोमाजीला सोडलं तेव्हा तो आधी पोराकडं गेला. त्यानं त्याचं तोंड वर करून पाहिलं. मग उठला, गाडीच्या जुवातली लाकडी शिवळ, जाड खुंटी, उपसली आणि सरळ लहानूजीकडं आला.

"खोटी पाडली काऊन रे?" तो रडत होता. "मी म्हनलो होतो काय तुले? माहं लेकरू मारलं ना तुह्या खोट्यापायी!"

लहानूजीनं हात वर धरला तो डोकं वाचवायला. शिवळ हातावर बसली. हाड मोडलं, कोपराखाली हात उलटा लोंबला. दुसरा घाव त्याच हातावर. तिसरा बरगड्यांत. लोकांनी ओढलं नसतं तर चौथा डोक्यात होता. ज्याच्यासाठी खोटं बोलला त्याच्याच हातचा मार त्यानं तोंडातून चकार शब्द न काढता खाल्ला. मी खरंच पाहिलं होतं, एवढं म्हटलं असतं तरी महादेव पाच पावलांवर तुतारी घेऊन उभाच होता.

पोलीस संध्याकाळी आले. गाडीवरून पडलो, असं लहानूजीनं सांगितलं. नत्थूनंही मान हलवली.

पंधरा-वीस दिवसांनी प्रेमदास एकटाच आला. लहानूजी ओसरीवर बाजेवर पडला होता, हात प्लास्टरात. प्रेमदासनं चहाची कपबशी तशीच खाली ठेवली.

"काका, तुमी खरं सांगत होते," तो म्हणाला. "मी घरच्या आंगनात दोन बकेटा ठेवल्या, एका रेघेत, दोरी लावून. मंग तसाच तिरपा उभा राहून शूटिंग केलं. जवळची बकेट पुढं दिसते. चार डाव केलं. मले झोप नाई तेव्हापासून."

"मले माहीत हाये."

"मी टीव्ही आनतो. गावासमोर बकेटा ठेवून दाखवतो. तुमचं नाव साफ होते."

लहानूजीनं डोळे मिटले. तानाबाई आत चुलीजवळ होती, भाकरी थापटण्याचा आवाज येत होता. गेल्या पंधरवड्यात या दारावरून जाताना लोक थुंकायचे. धुऱ्याचा एक वाद निघाला होता, पण त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बावीस वर्षांचं सारं या माणसाच्या दोन बकेटांनी परत मिळणार होतं. त्याचा जीव त्या बकेटांकडं धावला.

"नत्थूले पाह्यलं काय तू?" त्यानं विचारलं.

"नाई."

"नळीनं दूध पिऊन राह्यला. डोळा वाचला, जबडा तारेनं बांधला हाये. डोमाजी गप बसला हाये तो काऊन? त्याले वाटते, कसूर माही होती. नानाजीची जोडी खरीच जिंकली, आन् मी खोटं केलं म्हून मार बसला. त्यानं माहा हात मोडला, हिसाब फिटला. आता तू त्याले सांगशीन का जोडी त्याचीच जिंकली होती? का पोराचा जबडा फुकट मोडला, आन् खऱ्या मानसाचा हात त्यानं स्वतः मोडला? तो त्याच पायी कुऱ्हाड घेऊन महादेवच्या घरात शिरीन. मंग महादेवचे पोट्टे डोमाजीच्या घरात. पहिला मुडदा पडला का मंग कोनाच्या हातात राह्यते?"

"पन खरं..."

लहानूजी एकदम उठला. डाव्या हातानं त्यानं प्रेमदासची कॉलर धरली आणि त्याला भिंतीवर आपटला. कपबशी फुटली. जन्मभर कोणावर हात न उचलणारा माणूस, त्याच्या बोटांत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. कॉलर गळ्यात आवळत गेली, प्रेमदासचे डोळे पांढरे झाले.

"या गावात पुन्हा पाय ठेवला अन् तोंड उघडलं," लहानूजी त्याच्या तोंडाजवळ म्हणाला, "तं मी तुह्या दोन्ही तंगड्या तोडीन. एका हातानं तोडीन. समजलं?"

प्रेमदासनं मान हलवली. सुटल्यावर तो भिंतीला धरून खोकत राहिला, मग चपला हातात घेऊनच निघून गेला.

लहानूजी वळला तर तानाबाई उंबऱ्यात उभी. दोन्ही हात पिठाचे. तिनं सगळं ऐकलं होतं. इतके दिवस तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं, खोटी झेंडी काऊन पाडली म्हणून. बोरिंगवर बाया काय म्हणतात तेही तिनं सांगितलं नव्हतं.

"म्हंजे तुमी खरंच पाह्यलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आन् मी बी तोंड बंदच ठेवू?"

"हो."

"नाई ठेवलं तं? मले बी मारान काय?"

लहानूजी खाली बसून फुटलेल्या कपबशीचे तुकडे डाव्या हातानं गोळा करू लागला. तानाबाई त्या हाताकडं पाहत राहिली, मग आत गेली. तव्यावरची भाकरी जळून काळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला गेली ती लवकर परतली नाही. बोरिंगकडून कालवा ऐकू आला, बायांच्या किंकाळ्या, कोणीतरी डोमाजीच्या नावानं हाका मारत धावलं. लहानूजी प्लास्टर सावरत दारापर्यंत आला तेव्हा तानाबाई गल्लीतून येत होती. लुगडं खांद्यापासून फाटलेलं, ओठ फुटलेला, केस मोकळे. पितळेची घागर एका बाजूनं चेपलेली आणि तिच्या काठाला रक्त आणि केस चिकटलेले.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "काय बोलली तू?"

तिनं घागर ओट्यावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"नत्थूची माय, मीराबाई, दलालाची बायको म्हनली मले. चार बायांसमोर." ती धापा टाकत होती. "काई बोलली नाई मी. एक शबुद नाई. नुसतं हाणलं."