चंदर परत आला, त्या आठवड्यात

“परत वाच,” तुळशीराम म्हणाला.

त्याच्या मुलीने, शकूने परत वाचलं. “‘गुहेच्या अंधारातून हसत हसत बाहेर आला तो दुसरातिसरा कोणी नसून चंदर होता. वेड्या, मी बुडालो असं तुला कोणी सांगितलं, तो म्हणाला. वज्रनाथाने त्याला मिठी मारली आणि दोघे विमानाकडे धावले.’ क्रमशः. झालं, बा.”

“क्रमशः त्याच्या बापाचं,” तुळशीराम म्हणाला आणि विणायचं जाळं त्याने पायाने लांब लोटलं.

शेजारी नीराबाई वलांडीच्या, मासे सुकवायच्या बांबूंच्या, दोरीवर बोंबील टांगत होती. तिच्या हातातला बोंबील हातातच राहिला. मग तिने तो टोपलीत टाकला, पदर खोचला आणि ती घरी निघून गेली. अर्धी दोरी रिकामी राहिली. टोपलीचं काय करायचं ते कावळ्यांनी ठरवलं.

‘कौतुक’ साप्ताहिक दर बुधवारी मुंबईहून अलिबागला आणि तिथून एस.टी.ने रेवदंड्याला येई. वाचनालयाचे चिटणीस दिनानाथ गुरुजी अंक आधी स्वतः वाचत, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा करत आणि मग शकूच्या हाती देत. कोळीवाड्यात सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच. अंकातल्या संपादकीयाला कोणी हात लावत नसे. सगळा जीव वज्रनाथात.

वज्रनाथ तोंडाला काळं फडकं बांधून एका हाताने मोटार उचलत असे. याचं रेवदंड्याला फारसं कौतुक नव्हतं, कारण उचलण्याजोग्या मोटारीच तिथे नव्हत्या. पहिल्या वर्षी हा गडी नुसता बढाईखोर होता. दुसऱ्या वर्षी पुरात त्याने एकट्याने पुढे उडी घेतली, मागे पाहिलं नाही, आणि त्याचा दोस्त चंदर वाहून गेला. तिथून माणूस बदलला. उडी मारण्याआधी तो मागे वळून बघू लागला. बढाया थांबल्या. चोरांना बदडून झाल्यावर त्याला झोप येईना. चौथ्या वर्षी तो चंदरच्या आईला स्वतः जाऊन सांगायचं म्हणून निघाला. तेव्हापासून वर्षभर तो वाटेतच होता. दर आठवड्याला कोणी ना कोणी बदमाश आडवा येई.

पोरं कंटाळली. तुळशीराम कंटाळला नाही. “जाईल,” तो म्हणे. “असल्या दारात जायाला येळ लागतो.”

तुळशीराम स्वतः तांडेल होता. होडी त्याच्या शब्दावर चाले. एकोणीसशे पन्नासच्या वादळापासून तो समुद्रावर गेला नव्हता. गुडघ्याचं कारण सांगत असे. गुडघा बरा होऊन सात वर्षं झाली होती. त्या वादळात त्याच्या होडीवरून नीराबाईचा रघू गेला. अठरा वर्षांचा होता. सापडला नाही.

त्यांच्या कोळीवाड्यात रीत होती. खलाशी गेला तर तांडेलाने किनाऱ्याला लागल्यावर ओल्या अंगाने आधी त्याच्या दारात जायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. घरच्यांनी गेलेल्याचे कोरडे कपडे तांडेलाला द्यायचे. ते अंगावर घालून मग त्याने आपल्या घरी जायचं. तुळशीरामने आपल्या जागी खलाशी बुधाजीला पाठवलं आणि स्वतः मागच्या वाटेने घरी जाऊन कपडे बदलले. तेव्हापासून नीराबाई त्याच्याशी बोलली नव्हती. मात्र दर बुधवारी ती त्याच्याकडे पाठ करून बोंबील टांगत वज्रनाथ ऐके. पाठ असली तरी कान इकडे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने आपली वलांडी उचलून किल्ल्याच्या भिंतीकडे, पार दुसऱ्या टोकाला नेली.

“काय बोलली का तुला?” तुळशीरामने शकूला विचारलं.

“विहिरीवर भेटली. बुडालेलं माणूस असं गुहेतबिहेत ऱ्हातं का गं, म्हणून इचारलंन.”

“आन तू?”

“मी काय सांगू, बा? छापलंय तसं.”

तुळशीराम त्या दिवशी जेवला नाही. आठ वर्षांनी त्या बाईने पोराची वाट बघायला सुरुवात केली होती. आणि कोणामुळे, तर पुण्यातल्या एका इसमामुळे, ज्याने समुद्र चित्रात बघितला असावा.

योगायोग असा की त्याच शनिवारी तो इसम रेवदंड्यात आला. श्री. पोतनीस, वज्रनाथाचे कर्ते. दिनानाथ गुरुजींनी वाचनालयात व्याख्यान ठेवलं होतं. विषय ‘साहित्यिकाची समाजाप्रती जबाबदारी’. पोतनीस अत्यंत सभ्य गृहस्थ होते. जबाबदारीवर ते पाऊण तास बोलले आणि चार वेळा पाणी प्याले.

“कोणाला काही शंका?” गुरुजींनी विचारलं. ही पद्धत म्हणून विचारायची गोष्ट होती.

तुळशीराम उभा राहिला. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. “चंदर मेला व्हता,” तो म्हणाला.

पोतनीस हसले. “हो, पण वाचकांची पत्रं आली. नायक फार रडका झालाय, म्हणाले. खरं सांगू का, त्या आईच्या दारात जाऊन हा बोलणार काय, तेच मला सुचेना. वर्षभर त्याला वाटेत फिरवला. शेवटी म्हटलं, चंदरलाच जिवंत करू. सगळंच मिटलं.”

“तुमचं मिटलं.”

“तुळशीराम, थोडक्यात,” गुरुजी म्हणाले.

“थोडक्यातच बोलतो, गुरुजी. यांनी दोन ओळीत मेलेला उठवला, त्याला कोण थोडक्यात म्हणलं न्हाय.” तो पोतनिसांकडे वळला. “सायब, तो माणूस सुधरत व्हता. आधी नुसता हात व्हता, मोटार उचलायचा. मग त्याला मान आली, मागं बघायला शिकला. तोंड बंद ठेवायला शिकला. पाच वरसं लागली. आमी बसून बघितलं हाय. तुमी एका बुधवारी परत त्याचा नुसता हात केलात. चंदर मेलाच न्हवता तर हा रडला कशापायी? त्यो शिकला ते कुटं गेलं?”

“अहो, गोष्ट आहे ती.”

“गोष्ट हाय तर मग खोटी कशाला सांगता?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तुळशीरामने तिकडे बघितलं तसं ते थांबलं.

“त्याला त्या दारात न्या,” तो म्हणाला. “तिथं काय बोलला ते लिवा. तुमी शिकलेले.”

पोतनीस रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रामाणिकपणे विचारलं, “तुम्हीच सांगा ना. काय बोलेल तो?”

तुळशीरामने तोंड उघडलं. सभेत साठएक माणसं होती, त्यातली चाळीस कोळीवाड्यातली. चाळीसही जणांनी जमिनीकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि तो बाहेर पडला. गुरुजींनी आभार मानायला सुरुवात केली.

उन्हं उतरली होती. तुळशीराम सरळ किनाऱ्यावर गेला आणि थांबला नाही. इस्त्रीच्या सदऱ्यानिशी पाण्यात शिरला, छातीपर्यंत गेला, डोकं बुडवलं आणि परत फिरला. जाळी आवरणाऱ्या बुधाजीने विचारलं, “तांडेल, काय झालं?”

“तुजं काम न्हाय, बुधाजी. तवाबी नव्हतं.”

नीराबाई दारात बोंबलांच्या जुड्या बांधत होती. तिने वर बघितलं. त्याच्या टोपीतून, बाह्यांतून, धोतरातून पाणी गळत होतं.

“नीराबाय,” तो म्हणाला. “रघू माज्या होडीवर व्हता. लाट आली तवा मी सुकाणू बघितलं, मागं बघितलं न्हाय. बघितलं तवा तो न्हवता.” त्याचा आवाज अजून भांडणाचाच होता, दुसरा त्याला सापडत नव्हता. “तो गुहेत न्हाय. कुटंच न्हाय. गेला तो.”

नीराबाईने हातातली जुडी बांधून पुरी केली.

“बुधाजीला धाडलंस,” ती म्हणाली.

“व्हय.”

“मी दारात उभी व्हती. तू मागल्या वाटेनं गेलास, ते बघितलं मी.”

“व्हय.”

“आठ वरसं.”

त्याच्या पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

“उंबऱ्यावर नको उभा राहूस,” ती म्हणाली. “चिखल व्हतो.” आणि ती आत गेली.

तो एक पाऊल मागे सरला. जावं की थांबावं, त्याला कळेना. मग आत पत्र्याच्या पेटीचं झाकण करकरलं.

तिने आणलेला सदरा निळा होता, घडीवर पिवळा पडलेला. तुळशीरामने आपला ओला सदरा उतरवला आणि तो घातला. खांद्यात तंग, पोटावर बटणं लागेनात. नीराबाईने ओला सदरा त्याच्या हातातून घेतला, पिळला आणि बोंबलांच्या दोरीवर टाकला.

मागची वाट जवळची होती. तुळशीराम पुढच्या वाटेने निघाला. सभेहून परतणारी माणसं बाजूला होऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी सदरा पोटावर धरून तो सगळ्या कोळीवाड्यातून सावकाश घरी गेला.